वाचकांचे प्रश्न : अणुवीज केंद्रातील काँक्रीटचे वय

मागच्या अंकात या सदरात तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या दीर्घ सेवेविषयी एक लहानसे उत्तर छापले होते. त्यात नळ, पंप आणि झडपा बदलण्याबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : यंत्रे बदलता येतात हे मान्य, पण ज्या काँक्रीटच्या वास्तूत ती बसवली आहेत तिचे काय? त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. अणुवीज केंद्राचे आयुष्य चाळीस वर्षांचे असते असे वाचनात आले होते. ही मुदत काँक्रीटच्या आयुष्यावरून ठरते का? — एक वाचक, बोईसर

उत्तर : नाही. चाळीस हा आकडा अमेरिकेतील परवान्याच्या कायद्यातून आलेला आहे. तो गुंतवणुकीची परतफेड आणि मक्तेदारीविरोधी धोरण यांचा विचार करून ठरला, तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणून नव्हे, असे तेथील अणुनियामक आयोगानेच स्पष्ट केलेले आहे. पुढे तेथे वीस-वीस वर्षांच्या मुदतवाढी मिळू लागल्या आणि आता काही केंद्रांना ऐंशी वर्षांपर्यंतचे परवाने मिळाले आहेत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ ठरावीक मुदतीपुरता परवाना देते आणि दर दहा वर्षांनी केंद्राच्या सुरक्षिततेचे सर्वंकष पुनर्परीक्षण करावे लागते. काँक्रीटच्या वास्तूंची स्थिती हा त्या परीक्षणाचा एक भाग असतो.

काँक्रीटचे वय केवळ बांधकामाच्या तारखेवरून ठरत नाही. आपण आराखड्यात २८ दिवसांची ताकद धरतो, परंतु सिमेंट आणि पाणी यांचा संयोग त्यानंतरही वर्षानुवर्षे मंदगतीने चालू राहतो. त्यामुळे सुस्थितीतील जुन्या भिंतीतून कोअर, म्हणजे कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून दाबून पाहिला, तर तो मूळ अपेक्षेपेक्षा अधिक ताकदीचा निघणे ही नित्याची गोष्ट आहे. बिघाड होतो तो बाहेरून आत शिरणाऱ्या पाण्यामुळे, क्षारांमुळे आणि हवेमुळे, किंवा ओतण्याच्या दिवशीच मिश्रणात राहून गेलेल्या दोषामुळे.

शिवाय ताकद हे एकच परिमाण येथे पुरत नाही. अणुवीज केंद्रातील काँक्रीटला वजन पेलावे लागते, किरणोत्सार अडवावा लागतो आणि अपघात झालाच तर वाफ व किरणोत्सारी वायू आतल्या आत कोंडून धरावे लागतात. ज्या वास्तूवर हे तिसरे काम सोपवलेले असते तिला कंटेनमेंट म्हणतात. ताकदीच्या चाचणीत उत्तम ठरलेली भिंत हवेच्या दाबाखाली गळकी निघू शकते, आणि कंटेनमेंटच्या बाबतीत गळणे हाच दोष मोठा. जड पाण्याच्या अणुभट्टीतील कूलंट चॅनल (इंधन धरून ठेवणाऱ्या व ज्यांतून थंड करणारे पाणी वाहते त्या नळ्या) एकगठ्ठा बदलता येतात, वाफनिर्मिती यंत्रेही बदलता येतात, पण संपूर्ण कंटेनमेंट पाडून नवे बांधल्याचे उदाहरण नाही. म्हणून तिच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा देखरेखीला महत्त्व येते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या इमारतीला तीस वर्षे उलटून गेल्यामुळे नुकतेच स्ट्रक्चरल ऑडिट झाले. स्लॅबचे पोपडे पडत आहेत आणि सळया उघड्या पडल्या आहेत. समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात हेच होत नसेल का? तेथील तपासणी वेगळी असते का? — सोसायटीचे एक सचिव, डोंबिवली

उत्तर : रसायनशास्त्र तेच, आणि तपासणीची साधनेही पुष्कळशी तीच.

सुस्थितीतील काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबारा ते तेराच्या आसपास असतो. या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर ती गंजत नाही. हा थर दोन प्रकारे मोडतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून काँक्रीटची अल्कता उतरवतो, हा पहिला प्रकार. समुद्राच्या पाण्यातील किंवा खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचते आणि अल्कता शाबूत असतानाही थराला ठिकठिकाणी भोके पाडते, हा दुसरा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सळईवरचे काँक्रीटचे आवरण आतून ढकलले जाते, आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो आणि मग पोपडा सुटतो. आपल्या स्लॅबमध्ये घडले ते हेच.

कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला आहे हे पाहण्यासाठी नुकत्याच फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि बाधित भाग रंगहीन राहतो. क्लोराइडसाठी वेगवेगळ्या खोलींवरची भुकटी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. सळई गंजू लागली असण्याची शक्यता विद्युत विभवाच्या मापनावरून अजमावतात. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी आपल्या लेखापरीक्षकांनीही केली असेल.

फरक पडतो तो बांधणीत आणि नोंदींत. अणुवीज केंद्रातील अनेक महत्त्वाच्या भिंती एक मीटर किंवा त्याहून जाड असतात, पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण काटेकोर ठेवलेले असते आणि कोणत्या दिवशी कोणत्या भागात कोणते मिश्रण ओतले याची कागदपत्रे जपलेली असतात, किंवा असायला हवीत. आपल्या सोसायटीकडे बिल्डरने मूळ आराखडे तरी दिले आहेत का, हे एकदा पाहावे. तपासणीचे वेळापत्रकही भागाभागाप्रमाणे बदलते. समुद्रकाठच्या केंद्रात सर्वाधिक मार बसतो तो समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या वाहिन्यांना आणि पंपघराला. त्यातही जेथे भरतीला पाणी चढते आणि ओहोटीला उतरते त्या पट्ट्याला अधिक, कारण तेथे क्षार आणि प्राणवायू दोन्ही आलटून पालटून मिळतात. या बांधकामात किरणोत्सार नसतो म्हणून ते गौण मानण्याचा मोह होतो, पण बंद पडलेल्या अणुभट्टीतही उष्णता निर्माण होत राहते आणि ती वाहून नेण्याचे काम अखेरीस याच पाण्यावर असते.

जाड भिंतीची एक अडचण मात्र सोसायटीच्या इमारतीत येत नाही. तेथे दोष पृष्ठभागापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो, आणि भिंतीची मागची बाजू जमिनीखाली किंवा पोलादी अस्तरामागे असल्यामुळे डोळ्यांनी पाहताच येत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधल्या बीव्हर व्हॅली केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये २००९ साली कंटेनमेंटच्या आतील पोलादी अस्तरावरचा रंग फुगलेला आढळला. खरवडून पाहिले तर अस्तराला आरपार भोक पडलेले होते. कारण निघाले ते असे, की १९७०च्या दशकातील बांधकामाच्या वेळी लाकडाचा एक तुकडा काँक्रीटमध्ये तसाच राहून गेला होता. तो ओलावा धरून अस्तराला चिकटून बसला आणि पोलाद मागच्या बाजूने गंजत गेले. हे भोक कोणत्याही उपकरणाने शोधलेले नाही. रंगाचा फुगवटा कोणाच्या तरी नजरेला पडला, म्हणून ते सापडले.

प्रश्न : मी पुलांच्या बांधकामात आयुष्य घालवले आहे. कंटेनमेंट प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे असते असे समजते. केबलींमधला ताण चाळीस वर्षांनी किती उरला आहे, हे कसे कळते? आपल्याकडे केबली ग्राउट केलेल्या असतील तर ते मोजणेच अशक्य आहे. — निवृत्त अभियंता, पुणे

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच या विषयातला मुख्य वाद आलेला आहे.

पार्श्वभूमी नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडेसे. अपघातात आतला दाब वाढला की भिंतीत ताण निर्माण होतो, आणि काँक्रीट ताणाला कच्चे असते. म्हणून उच्च ताकदीच्या पोलादी केबली ओढून भिंत आधीच दाबून ठेवतात. काळाच्या ओघात हा दाब तीन कारणांनी उतरतो. काँक्रीट सततच्या दाबाखाली हळूहळू चेपत जाते, वाळताना आकसते, आणि ताणून धरलेले पोलादही थोडे सैलावते. हा ऱ्हास आराखड्यात धरलेला असतो. प्रत्यक्षातला ऱ्हास त्या अंदाजाच्या आत आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

अमेरिकेत कंटेनमेंट प्रीस्ट्रेस्ड असलेल्या बहुतेक केंद्रांत केबली नळीमध्ये ग्रीसमध्ये ठेवलेल्या असतात. तेथे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी व त्यानंतर दर पाच वर्षांनी निवडक केबली जॅकने उचलून त्यांतला ताण थेट मोजतात. फ्रान्समध्ये आणि आपल्याकडे नळीत सिमेंटचे ग्राउट भरतात. ग्राउट पोलादाला गंजापासून उत्तम जपते, पण केबल पुन्हा मोजता येत नाही आणि बदलताही येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी ताणाऐवजी त्याचा परिणाम मोजावा लागतो. भिंतीत पुरलेल्या मापकांवरून काँक्रीट किती आखडले ते वर्षानुवर्षे नोंदवतात, आणि ठरावीक काळाने संपूर्ण वास्तूत हवा भरून ती किती फुगते व किती गळते हे पाहतात. दोन पद्धतींत श्रेष्ठ कोणती, याचे एकच उत्तर नाही. माझा कौल मोजता येण्याजोग्या केबलींकडे झुकतो. मात्र ग्रीस गळून जाणे आणि टोकाच्या पकडींत पाणी शिरणे हे त्या पद्धतीचे दोषही अनुभवाला आलेले आहेत.

फ्रान्सच्या अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथील ९०० मेगावॉटच्या केंद्रांत एकेरी भिंत आणि आतून पोलादी अस्तर आहे. १३०० मेगावॉटच्या केंद्रांत दुहेरी भिंत आहे, पण अस्तर नाही. म्हणजे गळती रोखण्याची भिस्त आतल्या भिंतीच्या काँक्रीटवरच आहे. काही केंद्रांत हे काँक्रीट अपेक्षेहून अधिक चेपले आणि आकसले, तेव्हा दहा वर्षांच्या चाचण्यांतील गळती हा चिंतेचा विषय झाला व आतून लेप देण्याची वेळ आली. त्यानंतर तेथील वीज कंपनीने एकतृतीयांश आकाराची प्रतिकृतीच बांधली. लहान वास्तू लवकर वाळते, म्हणून मोठ्या वास्तूत अनेक दशकांनी दिसणारा परिणाम तिच्यात काही वर्षांत पाहता येतो. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या युनिटच्या कंटेनमेंटची एकचतुर्थांश प्रतिकृती तारापूर येथेच बांधली. तिचा हेतू मात्र वेगळा होता. आराखड्यातील दाबाच्या पलीकडे नेल्यावर ती कोठे आणि कशी हार मानते, हे त्यातून पाहायचे होते.

प्रश्न : मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील सीब्रुक केंद्राच्या काँक्रीटला तडे गेल्याची चर्चा येथे अनेक वर्षे चालू आहे. हा नेमका काय प्रकार आहे, आणि भारतात तो होऊ शकतो का? — एक वाचक, बॉस्टन

उत्तर : सीब्रुकमध्ये जे आढळले त्याला अल्कली-सिलिका अभिक्रिया म्हणतात. काही खडकांतील सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावते आणि एक चिकट पदार्थ तयार होतो. तो पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीटला आतून सर्व दिशांनी जाळीसारखे तडे जातात. कॅलिफोर्नियातील टॉमस स्टॅन्टन यांनी १९४० साली ही अभिक्रिया प्रथम ओळखली. तिला प्रतिक्रियाशील खडी, पुरेशी अल्कली आणि ओलावा असे तीनही घटक लागतात आणि त्यांपैकी एक जरी नसला तरी ती पुढे सरकत नाही.

सीब्रुक केंद्र १९९०मध्ये सुरू झाले. बांधकामाच्या वेळी खडीची त्या काळच्या मानकांप्रमाणे चाचणी झाली होती आणि ती खडी उत्तीर्णही झाली होती. मंदगतीने प्रतिक्रिया देणारी खडी त्या चाचणीत पकडली जात नाही, हे नंतर कळले. २०१०च्या सुमारास, परवान्याच्या मुदतवाढीची तयारी चालू असताना, विजेच्या तारांच्या भूमिगत बोगद्यातील भिंतींतून कोअर काढले गेले आणि अभिक्रिया उघड झाली. तेथे बाहेरून भूजल सतत झिरपत होते. पुढे केंद्रातील इतर अनेक भिंतींतही तीच लक्षणे सापडली.

येथे मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. तडे पडलेल्या भिंतीतून काढलेला कोअर कमजोर निघतो. पण तीच भिंत जागेवर असताना सळयांच्या जाळ्यात आवळलेली असते, आणि फुगणाऱ्या काँक्रीटला सळयांनी रोखल्यामुळे त्यात एक प्रकारचा दाब निर्माण होतो. म्हणून भिंतीची भारवाहक क्षमता कोअरवरून थेट काढता येत नाही. केंद्राच्या मालकांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोठमोठे सळईयुक्त नमुने मुद्दाम ही अभिक्रिया घडवून तपासले आणि त्या निष्कर्षांवर आपला दावा उभारला. तेथे तयार केलेले नमुने सीब्रुकच्या प्रत्यक्ष काँक्रीटचे प्रतिनिधित्व करतात का, असा आक्षेप मॅसॅच्युसेट्समधील ‘सी-१०’ या नागरिक संघटनेने घेतला, आणि तो आक्षेप हास्यास्पद नव्हता. मार्च २०१९मध्ये केंद्राला २०५०पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्यानंतर संघटनेच्या तक्रारीवर सुनावणी झाली आणि २०२०मध्ये अणुनियामक आयोगाच्या निवाडा मंडळाने परवाना कायम ठेवतानाच देखरेखीच्या अटी अधिक कडक केल्या. एखाद्या नागरिक संघटनेने काँक्रीटच्या प्रसरणमापनासारख्या रुक्ष विषयाचा इतका अभ्यास करावा, हे दुर्मीळच म्हटले पाहिजे.

भारतात ही अभिक्रिया ओडिशातील हिराकुड आणि उत्तर प्रदेशातील रिहंद या धरणांवर नोंदली गेली आहे, म्हणजे ती आपल्याला परकी नाही. महाराष्ट्राच्या बेसाल्टमध्येही काही ठिकाणी पोकळ्यांत कॅल्सेडनी आढळतो आणि तो प्रतिक्रियाशील सिलिकेचाच एक प्रकार आहे. नव्या बांधकामात खडीची दीर्घ मुदतीची चाचणी घेणे आणि सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी फ्लाय ॲश किंवा लोखंडाच्या भट्टीची मळी वापरणे, हे प्रभावी उपाय आहेत. जुन्या बांधकामात मात्र एकच घटक आपल्या हाती उरतो, तो म्हणजे पाणी. भूजलाची पातळी उतरवणे आणि भिंत कोरडी ठेवणे हे काम कंटाळवाणे आहे, खर्चिक आहे, आणि त्याला पर्याय नाही.

प्रश्न : किरणोत्साराने काँक्रीट कमकुवत होते का? — पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : बहुतांश भागात नाही. अणुभट्टीच्या पात्राला लागून असलेल्या, किरणोत्सार अडवणाऱ्या ढालभिंतीच्या आतल्या थरापुरता हा प्रश्न आहे. दर चौरस सेंटिमीटरमागे एकूण १०चा १९वा घात इतके वेगवान न्यूट्रॉन जाईपर्यंत लक्षणीय हानी होत नाही, असे सर्वसाधारणपणे धरतात. केंद्र साठ-ऐंशी वर्षे चालवायचे म्हटल्यावर काही पाश्चात्त्य रचनांत हा उंबरठा जवळ येतो आणि म्हणून आता त्यावर संशोधन वाढले आहे. हानीचे कारण खडीमध्ये आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने क्वार्ट्झची स्फटिकरचना विस्कटते आणि त्याचे आकारमान वाढते, त्यामुळे भोवतालचा सिमेंटचा भाग तडकतो. चुनखडकाच्या खडीत हा परिणाम बराच कमी असतो. स्पेनमधील झोरिता हे केंद्र बंद झाल्यावर तेथील ढालभिंतीतून कोअर काढून अभ्यासाला घेतले गेले, कारण खऱ्याखुऱ्या केंद्रात मुरलेले असे काँक्रीट सहसा मिळत नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रापासून पुढच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत मुख्य पात्राभोवतीचे काँक्रीटचे दालन साध्या पाण्याने भरलेले असते. ते पाणीच बहुतेक न्यूट्रॉन अडवते आणि काँक्रीट थंडही ठेवते. या भागात उष्णतेकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. काँक्रीटचे तापमान दीर्घकाळ सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या वर राहू नये, असा दंडक आहे.

प्रश्न : केवळ काँक्रीट बिघडल्यामुळे एखादे अणुवीज केंद्र कायमचे बंद करावे लागले आहे का? कैगाच्या घुमटाबद्दल लहानपणी ऐकले होते, त्याचाही खुलासा करावा. — एक वाचक, कारवार

उत्तर : होय, फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हरचे तिसरे युनिट. तेथे १९७७पासून वीजनिर्मिती चालू होती. २००९ साली वाफनिर्मिती यंत्रे बदलण्यासाठी ती आत नेण्यापुरते मोठे भोक कंटेनमेंटच्या भिंतीत पाडायचे ठरले. त्यासाठी त्या भागातील केबली सैल केल्या आणि काँक्रीट कापायला घेतले, तेव्हा एक मीटरहून थोड्या अधिक जाडीच्या भिंतीत, बाहेरच्या पृष्ठभागापासून सुमारे २५ सेंटिमीटर आत, भिंतीला समांतर अशी फट आढळली. दुरुस्ती झाली. मार्च २०११मध्ये केबली पुन्हा ताणत असताना भिंतीच्या दुसऱ्या भागातही तशीच फट पडली. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज दीड अब्ज डॉलरपासून साडेतीन अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि फेब्रुवारी २०१३मध्ये केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ही भिंत वयामुळे गेली नाही. दाबाच्या एका समतोलात तीस वर्षे उभ्या असलेल्या वास्तूचा तो समतोल मोडला, आणि कोणत्या केबली, किती आणि कोणत्या क्रमाने सैल करायच्या याचा अंदाज चुकला.

ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रातही २०११ साली असेच भोक पाडताना बाहेरच्या संरक्षक भिंतीत तडे दिसले, मात्र तेथील कारण निराळे निघाले. बाहेरून रंगाचा लेप नसलेल्या भिंतीत १९७८च्या हिमवादळात पाणी मुरले आणि गोठले, असा निष्कर्ष काढण्यात आला. त्यानंतर त्या भिंतीला लेप देण्यात आला. केंद्र बंद झाले नाही.

कर्नाटकातील कैगा केंद्राची घटना ही बांधकामाच्या काळातली आहे. १३ मे १९९४ रोजी पहिल्या युनिटच्या आतल्या कंटेनमेंटच्या घुमटाचा खालचा थर सुटून शंभराहून अधिक टन काँक्रीट कोसळले. अणुभट्टीत तेव्हा इंधन नव्हते. वक्र पृष्ठभागातून जाणारी केबल ताणली की ती वक्रतेच्या केंद्राकडे सरकू पाहते, आणि त्यामुळे काँक्रीटच्या जाडीच्या दिशेने, म्हणजे थर वेगळे करणारा ताण निर्माण होतो. त्याला पुरेशा सळयांनी बांधून ठेवले नाही तर केबलींच्या पातळीवर फट पडते. नंतर हा घुमट नव्या आराखड्याने आणि सिलिका फ्यूम (सिलिकेची अतिसूक्ष्म भुकटी) घातलेल्या अधिक ताकदीच्या काँक्रीटने पुन्हा उभारला गेला. क्रिस्टल रिव्हरच्या भिंतीतील फटही केबलींच्या पातळीवरच होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या जड पाण्याच्या अनेक अणुभट्ट्यांत वाफनिर्मिती यंत्रांसाठी आतल्या घुमटात मोठी द्वारे मुळातच ठेवलेली असतात. त्यामुळे यंत्रे बदलण्यासाठी भिंत कापण्याची वेळ सहसा येत नाही. परंतु ती द्वारे टाळून केबली वळवाव्या लागतात, त्यांच्या कडेला केबली आणि सळया यांची दाटी होते, आणि तेवढ्या दाटीत काँक्रीट नीट बसले आहे की नाही याची खात्री ओतण्याच्या दिवशीच करून घ्यावी लागते. दहा वर्षांच्या पुनर्परीक्षणात तपासणाऱ्यांनी आधी पाहावी अशी जागा कोणती, असे मला विचारले तर मी या द्वारांच्या कडांकडे बोट दाखवीन.